हात खटक्यावर जाईपर्यंत

शेवटच्या भेटीत मी नानांशी खोटं बोलले. सोलापूरच्या दवाखान्यात त्यांनी नाकावरचा मास्क बाजूला केला आणि जहाजावरच्या विजेची जी वही आम्ही दोघं लिहीत होतो, तिच्यातली अडलेली शेवटची नोंद मला समजावून सांगितली. जोडीनं चालणाऱ्या दोन जनित्रांतल्या एकाचं काहीतरी उलट होतं... असं काहीसं. त्यांना धाप लागत होती. "कळलं का, शालू?" मी म्हटलं, "हो नाना, कळलं." ते समाधानानं डोळे मिटून पडले. चौथ्या दिवशी सकाळी नानांच्या दोस्ताचा, रझाकभाईंचा फोन आला. "बाई, नाना गेले," एवढंच बोलले.

नाना माझे थोरले चुलतभाऊ. अणदूरच्या शेतकऱ्याचा हा मुलगा ढोकीला साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये काम शिकला आणि थेट जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून गेला. सगळं आयुष्य पाण्यावर काढून निवृत्त झाल्यावर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला माझ्या शेजारी घर घेतलं. आयटीआय झालेल्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना जहाजावर जायचं असेल तर तिथल्या विजेची भाषा मराठीतून कळावी म्हणून त्यांनी वही सुरू केली आणि मी मराठीची निवृत्त बाई, म्हणून मला लेखनिक नेमलं. पगार, रोजचा एक कप चहा. तोही मीच करायचा.

आमचं पहिल्याच आठवड्यात वाजलं. चालू जनित्राला दुसरं जनित्र जोडण्याआधी दोघांची चाल जुळवावी लागते, त्या क्रियेला मी 'समकालन' असा देखणा शब्द दिला. नाना म्हणाले, "ह्या शब्दाला हार घालून खुर्चीवर बसव. खटक्यापाशी उभ्या असलेल्या पोरानं त्याचं काय करायचं?" आणि त्यांनी लिहवलं: 'मेळ घालणे. मीटरचा काटा घड्याळासारखा सावकाश फिरू द्या. बाराच्या जरा अलीकडं आला की खटका चढवा.' मी दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले, कारण त्यांचं बरोबर होतं.

प्रत्येक नोंदीची परीक्षा रझाकभाईंच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात व्हायची. तिथं नानांनी भंगारातून दोन खटके, दिवे आणि मीटर आणून फळीवर बोर्ड मांडला होता. त्यात वीज नव्हती, काटे बोटानं फिरवायचे. मी नोंद वाचायची, रझाकभाईंनी तसं करायचं. हात चुकीच्या खटक्यावर गेला तर नोंद खोडली. रझाकभाई कधी माझ्या भिडेखातर मान डोलवायचे, "व्हय व्हय, समजलं." नाना उखडायचे. "व्हय म्हणू नका रझाकभाई, करून दावा!" एकेक नोंद पाच-पाच वेळा खोडली जायची. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग यायचा, हे आज कबूल करते.

ही चिडचिड कुठून आली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. पहिल्याच सफरीत, बंदरात शिरताना, वरच्या साहेबानं घाईत इंग्रजीतून काहीतरी हुकूम दिला. नानांना तो कळला नाही. पण आपल्याकडं मोठ्या माणसाला उलटून विचारत नाहीत, 'जी' म्हणतात. ते "येस सर" म्हणाले आणि ज्या जनित्रावर सगळा भार होता त्याचाच खटका पाडला. जहाज अंधारलं, इंजिन थांबलं, आणि खाली शिडीवर असलेला त्यांचा सोबती पडून कायमचा लंगडा झाला. "मला फक्त 'न्हाय समजलं' म्हणायचं होतं, शालू. दोन शब्द... ते आले न्हाईत तोंडातून."

आणि हे सगळं माहीत असून मी त्यांना शेवटी 'हो' म्हणाले. आजारी माणसाचं मन राखायला. दहाव्याला कुणी म्हणालं, "एक नोंद राहिली तर राहू द्या. आहे तेवढं छापा." मी ताडकन "अजिबात नाही" म्हणाले.  अर्धवट वही पोरांच्या हाती द्यायची नाही, हे माझं ठरलं होतं.

गेल्या आठवड्यात वही घेऊन दुकानात गेले. रझाकभाईंना म्हटलं, राहिलेली नोंद नानांनी तुम्हालाही सांगितली होती, ती आज तुम्ही सांगा, बोर्डापाशी मी उभी राहते. त्यांनी नानांच्या स्टुलावरचं तांब्याच्या तारेचं रीळ उचललं, पण स्टूल रिकामंच ठेवलं. मग काटे फिरवत सांगू लागले. "दोन्ही मशीन जोडीनं चाललेत. आता दोन नंबरच्या इंजिनानं दम सोडला. मशीन बंद न्हाय पडत, बाई. एक नंबरकडनंच वीज ओढून फिरत ऱ्हातंय..." त्यांनी दोन नंबरचा काटा शून्याच्या मागं नेला आणि माझ्याकडं पाहिलं. "समजलं का?"

मान डोलायलाच निघाली होती. मी रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं.

"नाही समजलं," मी म्हणाले. "परत सांगा."