गैरप्रकार

नातवंडांनो, काल दुपारी बातम्या लावल्या होत्या. एका वसतिगृहातल्या मुलांवरच्या अत्याचारांच्या चौकशीचा अहवाल आला होता. सत्ताधारी म्हणत होते, हे आधीच्या सरकारच्या काळातलं. विरोधक राजीनामा मागत होते. निवेदिका दोघांहून मोठ्याने बोलत होती. खालच्या पट्टीवर लिहिलं होतं, ‘वसतिगृहातील गैरप्रकार’.

शेजारची सई माझ्याकडे गृहपाठ करत बसली होती. आता तिसरीत आहे. तिने पट्टी वाचली.

“आजी, गैरप्रकार म्हणजे कॉपी ना? दादाच्या दहावीला शाळेवर तशी पाटी होती.”

शब्दांच्या बाबतीत मी एवढी काटेकोर, पण कॉपीला आणि याला आपण एकच शब्द वापरतो, हे मला कधी खटकलं नव्हतं.

“नाही गं. तिथल्या मोठ्या माणसांनी मुलांना फार त्रास दिला. मुलांनी ते सांगितलं.”

“म्हणून हे मुलांना ओरडतायत?”

“नाही, एकमेकांना.”

सईने पेन्सिल चावत विचारलं, “सांगितलं की असं होतं?”

बाळांनो, म्हणूनच आज हे तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही इतक्या लांब. तिथे शाळेत, बसमध्ये कुणी तुम्हाला त्रास दिला, तर असाच गोंधळ होईल म्हणून तुम्हीही गप्प बसाल का?

मी टीव्ही बंद केला आणि सईजवळ बसले. “मला सांगितलंस तर मी मुळीच ओरडणार नाही. काही सांगायचंय का?”

ती “नाही” म्हणाली. एरवी ती पटकन उत्तर देते. काल तिला वेळ लागला.