वरच्या आळीचे पाटील

अनोळखी घरात पोटभर मटण खाऊन वर त्याच घराला फसवं ठरवणारी बाई तुम्ही अजून पाहिली नसेल, तर मला पाहून घ्या.

झालं असं, की आमच्या मधुरानं स्वतःच मुलगा पसंत केला होता. सुशांत पाटील, शिरवळच्या कंपनीत इंजिनियर, गाव तासगावच्या पुढं. आम्ही त्याला फक्त मोबाइलमधल्या फोटोत बघितलेला. त्याच्या वडिलांनी फोन करून जत्रेच्या जेवणाचं आवतण दिलं. म्हणजे जेवण नावाला, खरी बैठक लग्नाचीच! लेक साताऱ्यात फोन हातात धरून बसली होती. निघताना एवढंच म्हणाली, "आई, तिथं जरा बोलणं कमी कर." (आईला असं सांगतात का? पण सांगितलं!)

खूण अगदी पक्की होती: पाटलांचं घर, दारात मांडव, मांडवाशेजारी ट्रॅक्टर. गावात शिरल्यावर कळलं, की इथं सगळेच पाटील, जत्रा असल्यामुळं सगळ्यांच्याच दारात मांडव, आणि ट्रॅक्टर तर विचारूच नका.

"फोन करून विचारू का?" हे म्हणाले.

"काही नको! पहिल्याच दिवशी घर सापडेना म्हटलं तर आपण बावळट दिसू," मी म्हणाले आणि समोरच्या मांडवात शिरले.

"या या, पाव्हणं! हातपाय धुवा, पंगत बसतीया!" एक ठसठशीत बाई पुढं आल्या. सगळे त्यांना हौसाअक्का म्हणत होते. आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. जत्रेच्या दिवशी आमच्या भागात पाहुण्याला 'तुम्ही कोण' असं विचारणं म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखंच. मला वाटलं, काय घरंदाज माणसं आहेत!

मग मी विहीणपण सुरू केलं. न्हाणीघर बघितलं, स्वयंपाकघरात डोकावले, रश्शात मीठ जरा कमी आहे तेही सांगितलं. अक्का म्हणाल्या, "व्हय का? आणते की." आणि खरंच मीठ घेऊन आल्या!

"चिरंजीव दिसत नाहीत?" मी हळूच विचारलं.

"ह्यो काय, बादली घिऊन वाढतोय!"

मी बघितलं. आडवा बांधा, झुपकेदार मिश्या आणि डोक्यावर एक केस शिल्लक नाही.

"अहो!" मी ह्यांना कोपरानं ढोसलं. "फोटोत केस होते!"

"फोटो जुना असेल. तू मटण बघ कसलं झालंय."

तेवढ्यात एक चिमुरडी मांडवातून पळत आली, चिरंजीवांच्या पायाला मिठी मारली आणि ओरडली, "पप्पाऽऽ!"

संपलं! मी उठले. रश्शानं माखलेला हात तसाच वर करून उठले! "लाज नाही वाटत? लग्न झालेला मुलगा दाखवता? लेकरू आहे त्याला! फसवणूक आहे ही! पोलिसात जाईन मी!"

एका म्हाताऱ्याच्या हातातलं नळीचं हाडूक तोंडापाशीच थांबलं.

"आवं, पर तुमच्या पोरीचं ठरलंय कुणासंगं?" अक्कांनी शांतपणे विचारलं.

"कुणासंगं काय? तुमच्या सुशांतशी!"

"सुशांत? आवं बाई, सुशांत त्यो वरच्या आळीचा. ह्यो आमचा संभाजी. त्येची बायकू ती बघा, भाकऱ्या थापतीया."

पंगतीत जो हशा उसळला, तो थेट साताऱ्यात लेकीला ऐकू गेला असेल असं मला वाटलं. आमचे हे तेवढे खाली मान घालून जेवत होते. वरची आळी म्हणजे दोन गल्ल्या पलीकडं! बातमी आमच्या आधी पोचणार आणि माझ्या पोरीचं लग्न माझ्याच तोंडानं मोडणार. मी पर्स उचलली.

"खाली बसा आदी," अक्का म्हणाल्या. "ताटावरनं उठायचं न्हाई. जत्रंचं पाव्हणं उपाशी गेलं तर देव आमाला इचारंल."

"अहो, पण मी तुम्हाला काय काय बोलले..."

"मग? बोलून भूक भागली व्हय?"

संभाजीची बायको गरम भाकरी घेऊन आली. जिच्या नवऱ्याला मी चारचौघांत लबाड ठरवलं, तीच! माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "घ्या काकी. वरडून दमला आसाल." तोंडाला पदर लावून हसत होती, पण वाटीभर रस्सा आणखी वाढून गेली.

जेवण झाल्यावर अक्का स्वतः आम्हाला वरच्या आळीला घेऊन गेल्या. सुशांतचे आईवडील दारातच उभे होते, चेहरे पडलेले. पाहुणे दुसऱ्याच मांडवात जेवले, एवढं त्यांना कळलं होतं.

"रुसू नगासा," अक्काच आधी बोलल्या. "पाव्हणं तुमच्याकडंच निघालं हुतं. मीच हाताला धरून बसवलं, चूक माजी. आन् एक सांगू? इहीण लय गरीब सोभावाची मिळाली तुमाला. येवढा येळ आमच्यात हुती, पर तोंडातनं शबुद न्हाई!"

मी अक्कांकडं बघितलं. त्या अगदी गंभीर चेहऱ्यानं पदर सारखा करत होत्या. मला रडूच आलं. मी त्यांचं काय भलं केलं होतं? मीठ कमी आहे म्हणाले होते! विहीणबाईंना वाटलं, लेक परक्या घरी जाणार म्हणून जीव भरून आला. त्यांनी मला जवळ घेतलं, आत नेलं आणि दुसरं अख्खं ताट वाढलं. मी ते मुकाट्यानं संपवलं. लग्न तिथंच ठरलं.

मधुरा आता त्या घरात सुखात आहे. हाल माझे आहेत. अक्कांचा शब्द खाली पडू नये म्हणून मी त्या घरी गेले की तोंड मिटून बसते. परवा तर विहीणबाई चक्क चुकीच्या पद्धतीनं पुरणपोळी लाटत होत्या आणि मी नुसती बघत राहिले! घरी आल्यावर पोटात दुखायला लागलं. आमचे हे मात्र हल्ली दर पंधरा दिवसांनी विचारतात, "काय गं, लेकीकडं राहायला जाऊया का?"