बाहुलीचं नाक

मी तंजावूर सोडलं त्या सकाळी अप्पा स्टेशनवर आले नाहीत. साच्यात कागदाचा ओला लगदा दाबून ठेवला होता, तो टाकून कसे येणार! अम्मा फलाटावर रडली. मला मात्र अप्पांचा असा राग आला होता, की गाडी कावेरीवरून गेली तरी मी बाहेर पाहिलं नाही.

आमच्या घरी डोकं हलवणाऱ्या बाहुल्या बनतात. वारा आला की फळीवरची सगळी ओळ मान डोलावते. पुण्यात मी डिझाइन शिकायला आले: आधी हातानं मातीत घडवायचं, मग तीच वस्तू स्क्रीनवर, मग थ्रीडी प्रिंटर. आम्ही तंजावूरचे मराठी; घरी पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतो, पण लिहितो-वाचतो तमिळ, त्यामुळे देवनागरीही इथंच शिकले. हे लिहिलेलं घरी फोनवरच वाचून दाखवावं लागेल. माझं मराठी ऐकून मुली हसायच्या, "कुठल्या काळातलं गं हे?" दुपारी लॅबमध्ये प्रिंटर गुणगुणत थरावर थर चढवायचा आणि मला जागेपणी आमची फळी दिसायची.

दुसऱ्या वर्षी अप्पांचा साचा पार झिजला. बाहुल्या नकट्या निघू लागल्या, दुकानदार परत पाठवू लागले. हात कापतो, त्यामुळे अप्पांना नवा चेहरा घडवता येईना. "पुरे झालं आता," म्हणाले. मी मोठ्या तोऱ्यात साचाच प्रिंट करून कुरिअरनं पाठवला.

आठवड्यानं अप्पांचा फोन आला. "हा साचा पाणी पिईना, मा! लगद्याला बुरशी आली."

अरे देवा! लगद्यातलं पाणी प्लास्टर शोषतं, प्लास्टिक कुठून शोषणार? प्लास्टरच्या धुळीत वाढलेली मी, आणि नेमकं हेच विसरले.

मग साचा सोडून चेहराच प्रिंट केला. माझ्याकडे जुन्या बाहुलीचं स्कॅन होतं, पण तिचं नाकच झिजून गेलं होतं. ते मी मातीत घडवून मग स्क्रीनवर बसवलं. दिवाळीत तो चेहरा घरी नेला, तर अम्मा पाहताच म्हणाली, "अय्यो, हे नाक आमच्याकडचं नव्हे. पुण्याचं!" खरंच होतं. रोज हॉस्टेलात पाहिलेली नाकं बोटांत उतरली होती. मी शरमेनं लाल झाले.

अप्पांनी त्या नाकावरून बराच वेळ अंगठा फिरवला. मग चेहऱ्याला तेल लावलं आणि नव्या साच्यासाठी वर प्लास्टर ओतलं.

आता माझी नोकरीही पुण्यातच आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी क्षणभर गोंधळते. तिकडे गिऱ्हाईकं विचारतात म्हणे, हे नवं नाक कुठलं? अप्पा मान वरही न करता सांगतात, "आमच्याच घरचं."