कटातल्या शेवया

आमच्या घरात जपानी, थाई, तिबेटी असली सगळी सुपं होतात आणि ती सगळी मी करते, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. उलट लय अभिमान वाटतो. मानवतच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, आमचं धान्याचं दुकान, वर घर. माहेर राणीसावरगावचं. विमानात मी कधी बसले नाही. पण परसातला गवती चहा आणि आलं ठेचून नारळाच्या दुधात उकळलं, वरून लिंबू पिळलं, की जे होतं ते थायलंडवाल्यांनी येऊन चाखावं आणि मग बोलावं.

हे सुरू झालं ते माझ्या सासऱ्यांच्या दातांपायी. मी त्यांना मामा म्हणते. मामांनी जन्मभर ज्वारी विकली आणि ज्वारीच खाल्ली. कडक पापुद्र्याची भाकरी, हुरडा, भाजलेले हरभरे, सगळं कुडूमकुडूम चावून खायचे. मग हिरड्या सुजल्या, दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी उरलेसुरले दात काढून टाकले. कवळी करून आणली, ती टोचायची. मामांनी ती डबीत घातली, डबी कपाटात ठेवली आणि म्हणाले, "उसने दात घालून मी जेवणार न्हाई."

तिथून त्यांचं जेवण आटत गेलं. दुधात भाकरी कुस्करून दिली तर म्हणाले, "मी काय तान्हा हाय का?" खिचडीला तोंड वाकडं. त्यात आमच्याकडची थंडी, सकाळी पाण्यात हात घालवत नाही अशी. जो स्वेटर त्यांना घट्ट व्हायचा तो खांद्यावरून लोंबायला लागला. दुकानाचा जिना चढताना मध्येच थांबायला लागले. माझा नवरा म्हणाला, "वय झालंय त्यांचं. तू एवढं मनाला लावून घेऊ नको." असा राग आला मला! माझ्या हातचं जेवणारा माणूस अर्धपोटी उठतो आणि मी मनाला लावून घेऊ नको?

लग्न होऊन आले तेव्हा या घरात सासूबाई नव्हत्या, शिकवणारं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशीची माझी भाकरी कडेला फाटली आणि मध्ये करपली. मामांनी ती मुकाट्यानं खाल्ली आणि खाली दुकानात जाऊन सगळ्यांना सांगितलं, आमच्या सुनेच्या हाताला लय चव हाय. हे मला हमालाच्या बायकोकडून कळलं. असा माणूस माझ्या डोळ्यादेखत वाळत चालला होता आणि तो मला वाळू द्यायचा नव्हता.

माझी लेक पुण्यात शिकायला आहे. तिनं फोनवर सांगितलं की तिकडच्या देशांत लोक वाडगंभर रस्सा आणि त्यात नूडल्स एवढ्यावर जेवतात, म्हातारीकोतारीसुद्धा. व्हिडिओ पाठवले. भात शिजेपर्यंत मी ते बघायची आणि मनात म्हणायची, यात नवं काय आहे बाई? पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी काढतो तो आमचा कट. लग्नातल्या आमटीला लावतो ते भाजलेल्या धान्याचं पीठ, आमचं येसर. रस्सा आम्हाला कुणी शिकवावा?

मी लागले कामाला. आधी मक्याचं सूप केलं. मग कांदा आणि आलं निखाऱ्यावर भाजून, दालचिनी आणि चक्रीफूल घालून व्हिएतनामच्या पद्धतीचं पाणी उकळलं. खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघून विचारायचं, आज काय करायलेत म्हणून. आणि मामा? मी वाफाळतं वाडगं काठोकाठ भरून पुढं ठेवायची, ते हातही लावायचे नाहीत. "नको. दुसऱ्या कुणाला दे." एकदा नाही, दर वेळी. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी पातेलं ओट्यावर असं आदळलं की नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. "नाही आवडत तर तसं सांगावं," मी मामांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. मामांनी चतकोर भाकरी वरणात भिजवून घेतली, सावकाश संपवली, ताटात पाणी ओतलं, बोटानं फिरवलं आणि ते पाणी पिऊन टाकलं.

हे ते रोजच करतात. आम्ही लिंगायत. मामा लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून जेवायला बसतात, आणि ताटात आलं ते प्रसाद, त्यातला कण टाकायचा नाही, हा त्यांचा नेम. पण त्या दिवशी मी रागानं बघत होते म्हणून नीट बघितलं. ताटात धुण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मामांना सूप नको नव्हतं. भरलेलं वाडगं आपल्याच्यानं संपणार नाही याची त्यांना धास्ती होती. टाकायचं तर नाही, मग घ्यायचंच कशाला? म्हणून ते हात लावत नव्हते, आणि भाकरीही खात्रीनं संपेल तेवढीच घेत होते. आणि मी बया, त्यांनी जास्त खावं म्हणून वाडगं जास्त भरत होते.

दुसऱ्या दिवशी मी वाडगं आत ठेवलं आणि लोणच्याची वाटी काढली. हरभऱ्याच्या डाळीचा कट, त्याला येसर, लसूण आणि काळ्या मसाल्याची फोडणी. नूडल्स म्हणून उन्हाळ्यात खाटेवर वाळवलेल्या आमच्या हातशेवया. पहिला घाणा शिजून पार लगदा झाला, तो मी म्हशीवालीला दिला. दुसऱ्या वेळी एक उकळी आली की चाळणीत ओतल्या, वरून गार पाणी मारलं. वाटीत दोन घास शेवया, वर कट, कोथिंबीर.

मामांनी वाटीत डोकावून बघितलं. "शेवया? तिखटात? गुळवणी संपली का घरातली?"

"जपानात असंच खातात," मी म्हणाले.

"त्यांना गूळ मिळत नसंल."

पण वाटी लहान होती. त्यांनी एक घास घेतला, मग दुसरा. शेवया हिरड्यांवर आपोआप विरल्या. वाटी संपली. पाणी घालून फिरवलं, प्याले आणि वाटी माझ्याकडं सरकवली. "तेवढंच आणखी दे."

त्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरानं जग पालथं घातलं, पण वाटीवाटीनं. तिबेटी रश्श्यात कोबी आणि गाजर अगदी बारीक चिरून, मेक्सिकोच्या राजम्याचं सूप गाळून, इटलीचं टोमॅटोचं. नवरा आधी हसायचा, नंतर दुकानातून फोन करून विचारायला लागला, आज कोणता देश. मामा जिन्यात थांबायचे बंद झाले.

संक्रांतीच्या सुमाराला पेडगावहून मामांचे जुने दोस्त आले, शेतकरी माणूस, मोंढ्यात माल घातला की आमच्याकडं टेकणारे. बाहेर गारठा होता. मी दोघांपुढं कटातल्या शेवया ठेवल्या, पाहुण्यांना वाडग्यात, मामांना नेहमीच्या वाटीत. पाहुणे चाखून म्हणाले, "हे काय नवीनच? लय भारी झालंय."

"आमच्या सुनेनं काढलंय," मामा म्हणाले. "जपानवाले तिच्याकडं शिकायला यायलेत." मग त्यांनी वाटी बाजूला सारली. "ही ठेव आत. मला बी वाडगं आण."

मी वाडगं आणलं आणि सवयीनं निम्मंच भरलं. मामांनी ते उचललं नाही.

"भर की गं. काठापर्यंत भर."

मी भरलं. इतकं काठोकाठ, की थोडा कट ताटात सांडला. मामांनी सगळं खाल्लं, फुर्र फुर्र आवाज करत, घाई न करता. मग वाडग्यात पाणी ओतलं, बोटानं फिरवलं, ते प्याले. ताटात सांडलेलं होतं, तेही पाणी घालून प्याले.

पाहुण्यांना चहा ठेवते म्हणून मी आत आले आणि पदरानं डोळे पुसले. मग चहासोबत दुसऱ्या शेगडीवर पुन्हा शेवयांचं आधण ठेवलं. पातेलं रिकामं झालं होतं आणि मी अजून जेवायची होते.