निंबोल्याच्या बागेतल्या लाल चिंध्या

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण निंबोल्याच्या केळीबागेत एका दुपारी केला तेवढा एकरकमी पुन्हा जमला नाही. धावण्याच्या शर्यतीची वाट कळावी म्हणून मी झाडांना लाल चिंध्या बांधल्या, आणि झाडं निवडून घेतली ती सगळ्यात भरलेल्या घडांची. लांबून उठून दिसतील म्हणून! घड भरला की कापतात, आणि घड उतरवला की ते झाडही आडवं करतात, हे निंबोल्यात रांगतं पोरही सांगेल. बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात राहणाऱ्या, मॅट्रिकच्या वर्गातल्या या शहाणीला ठाऊक नव्हतं. केळी आमच्या घरी फणीनं यायची. त्याच्या मागं काय असतं, याचा विचार करायला मला वेण्यांमधून सवड कुठली?

शर्यत माझ्या थोरल्या भावाची होती. आम्ही त्याला भाऊच म्हणायचो. गावातल्या व्यायामशाळेचं एक धावण्याचं मंडळ होतं, दहा-बारा जणांचं. दिवाळी झाली की त्यांचा मोसम सुरू व्हायचा. कधी तापीच्या काठानं, कधी कापसाच्या वावरांतून, ढेकळं तुडवत, बांध ओलांडत धावायचं. मोसमात जो पहिला येई तो पुढच्या शर्यतीला नागपूरला जाई. पण त्या साली राज्यांची नवी जोडणी झाली होती. नागपूर गेलं मुंबईकडं आणि आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो. मंडळ चालवणारे सर म्हणायचे, "धावायची सवय आपल्याला, आणि पळाली राजधानी!" भोपाळ आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं. फॉर्म हिंदीत आला, तो भरायला सरांना शेजारच्या वकिलांकडं जावं लागलं. निंबोल्याची शेवटची शर्यत जो जिंकेल त्याचं नाव नव्या राज्याच्या निवडीसाठी जायचं होतं.

घरी नानांनी, म्हणजे वडिलांनी, भाऊला सांगून ठेवलं होतं, "नाव गेलं तर आणखी एक वर्ष पळ. नाही गेलं तर नेपानगर." नेपानगरच्या कागद कारखान्यात नानांनी त्याच्यासाठी शब्द टाकला होता. भाऊनं मान हलवली. पहाटे उठून तो एकटा नदीकडं जायचा आणि उजाडता परत यायचा, तेव्हा त्याचा चेहरा असा असायचा की आई त्याला दूध द्यायला विसरून नुसती बघत राही.

या सगळ्यात मी कुठून शिरले? तापीकाठच्या शर्यतीत वाटेवर टाकलेला चुना म्हशींनी तुडवला आणि निम्मी मंडळी भलतीकडं गेली. सरांनी आठ दिवसांनी ती शर्यत पुन्हा घेतली. "खुणेत घोळ झाला तर धावणाऱ्याचा दोष नाही," असं ते सगळ्यांसमोर बोलले. मी लगेच पुढं सरसावले, "सर, चुना काय टाकता? झाडांना चिंध्या बांधा. मी बांधते." नाना मला वावरात पाठवायला तयार नव्हते. भाऊनं दोन दिवस त्यांची मनधरणी केली. मग आईचं जुनं लाल लुगडं टराटरा फाडून, आदल्या दुपारी बैलगाडीत बसून मी निंबोल्याला गेले. गाडीत अशी बसले होते, जशी काही वरात माझीच!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारुतीच्या देवळापाशी उभी होते. शर्यत तिथं संपायची होती. बागेतून पहिला आला तो भाऊ नव्हता. दुसराही नव्हता. भाऊ सहावा आला, आणि आला तोही विहिरीच्या बाजूनं, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून. लाल दिसलं तिकडं धावलो, एवढंच तो म्हणाला आणि पायरीवर बसला.

तेवढ्यात एक म्हातारा घडकाप्या माझ्याकडं आला. हातात चिंध्यांचं बोचकं.

"ताई, हे तुमचं लुगडं. उजाडताच कटाई सुरू केली, आज रेल्वेची वॅगन भरायची ना. कोणाचं सामान हरवायले नको म्हणून सगळं सोडून विहिरीजवळच्या निंबाले बांधून ठेवलं होतं. पण ताई, झाडाले लुगडं नेसवायचं काय काम पडलं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भाऊ सगळ्यांच्या पुढं होता, म्हणून तोच विहिरीकडं गेला. मागच्यांनी त्याला चिखलात अडकलेलं पाहिलं आणि गाडीवाट धरली. मी ते बोचकं पिशवीत कोंबलं आणि वर जेवणाचा डबा ठेवला.

सर आले. "काय गं, खुणा जागच्या जागी होत्या ना?"

खांद्याला पिशवी. एक वाक्य बोलले असते तर शर्यत पुन्हा झाली असती. पण नाना पुन्हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं. मी म्हणाले, "होत्या सर. सगळ्या होत्या."

सरांनी पहिल्या आलेल्याचं नाव लिहिलं. पुढच्या महिन्यात भाऊ नेपानगरला गेला. रविवारी यायचा, तेव्हा त्याच्या कपड्यांना ओल्या लगद्याचा वास असायचा. एकदा मी विचारलं, "धावतोस का रे?" तर म्हणाला, "पाळी बदलत राहते गं. झोपच पुरी होत नाही." कॅनव्हासचे बूट आईनं बरेच दिवस ठेवले, मग कुणाला तरी देऊन टाकले.

पुढं माझं लग्न झालं, पोरं झाली, आणि गोष्टी रंगवून सांगणारी म्हणून मी घराण्यात नाव काढलं. तरी ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. भाऊ निवृत्त होऊन बुऱ्हाणपुरात परतला, त्याचे गुडघे गेले, तेव्हा एका दुपारी चहा पिताना मी ती त्याला सांगितली. हसत हसत. घडकाप्याचा आवाज काढून, वरातीसारखी बसून दाखवून. भाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग मी पिशवीचं सांगितलं, आणि सरांना काय उत्तर दिलं ते.

त्याचं हसणं थांबलं. कपात चहा होता, तो त्यानं तसाच खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे गं, पोर होतीस. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाला, "चिंध्यांचं काही नाही गं बाई. पण सरांनी विचारलं तेव्हा बोलायचं होतंस ना. मी तर आजपर्यंत हेच समजत होतो की खुणा जागेवरच होत्या, माझंच लक्ष नव्हतं."