फक्त नाव बदललं होतं

चष्मा कपाळावर सरकवून आमच्या ऑफिसातल्या बाई विचारायच्या, "कोण म्हणतं?" लिफ्ट बंद आहे म्हटलं, तरी हेच. चहा आलाय म्हटलं, तरी हेच. लावलेलं कुलूप ओढून पाहणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. या बाई जिन्यापर्यंत जाऊन पुन्हा ओढायला परत यायच्या.

कोथरूडच्या आमच्या छोट्या कंपनीतल्या त्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. दूरच्या सर्व्हरवरच्या फायली आपल्याच कॉम्प्युटरवर असल्यासारख्या दिसाव्यात, असा आमचा प्रोग्राम होता. त्यातला फायलींची नावं बदलण्याचा भाग बाईंचा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

एकदा आमचा प्रोग्राम वापरणाऱ्या, स्वारगेटजवळच्या एका आर्किटेक्टचा फोन आला. एका इमारतीचा नकाशा सर्व्हरवरून गायब झाला होता. जुनाही आणि सुधारलेलाही. नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनशी त्यांचं नुकतंच भांडण झालं होतं. त्यानेच मुद्दाम पुसला, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

बाई आणि मी गेलो. ड्राफ्ट्समन पन्नाशीचे, यवतमाळकडचे. मान खाली घालून उभे होते.

"मी फक्त नाव बदलवलं, मॅडम. नव्या नकाशाला जुन्याचं नाव दिलं."

"आणि दोन्ही आपोआप उडाले?"

"हो जी."

"कोण म्हणतं?"

खाली उतरताना बाई मला म्हणाल्या, "नजरेला नजर देत नाही हा माणूस. काहीतरी लपवतोय." आर्किटेक्टनी ड्राफ्ट्समनना त्याच दिवशी घरी पाठवलं.

रिक्षात मात्र बाईंना चैन पडेना. ऑफिसात येऊन त्यांनी तसंच नाव बदलून पाहिलं. सगळं ठीक. पुन्हा पाहिलं, ठीक. मग नाव बदलता बदलता त्यांनी नेटवर्कची केबल उपटली आणि परत लावली. असं बराच वेळ चाललं. शेवटी एकदा दोन्ही फायली गेल्या.

त्यांचा प्रोग्राम आधी जुनी फाइल पुसायचा, मग नवीला तिचं नाव द्यायचा. सर्व्हरने दोन्ही कामं केली होती, पण 'झालं' हा निरोप वाटेत हरवला. म्हणून प्रोग्रामने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. त्या नावाची फाइल पुसली. आता त्या नावाची फाइल म्हणजे नवीच होती!

"सगळ्यांवर संशय घेतला," बाई हळूच म्हणाल्या, "आणि स्वतःच्या कोडला तेवढं सोडलं."

सकाळी त्या आर्किटेक्टकडे जाऊन बसल्या. "आधी ड्राफ्ट्समनना बोलवा. त्यांच्यासमोरच बोलेन."

ते आल्यावर साऱ्या ऑफिससमोर म्हणाल्या, "फाइल माझ्या प्रोग्रामने पुसली. यांनी नाही. काल मी यांना खोटं ठरवलं, माफी मागते."

आर्किटेक्ट म्हणाले, "अहो, नेटवर्कचा दोष म्हणा ना."

"नेटवर्क तुटणारच. ते धरून लिहायला हवं होतं."

ड्राफ्ट्समन तिथल्याच स्टुलावर बसले. "मॅडम, मलेच वाटू लागलं होतं, का माझ्याच हातून काही झालं असंल."

बाईंनी तो भाग नव्याने लिहिला. आता नाव बदलायला सर्व्हरला एकच हुकूम जातो. उत्तर आलं नाही, तर आधी फाइल कुठे आहे ते विचारायचं. तेही नावावरून नाही, सर्व्हरने तिला दिलेल्या कायमच्या क्रमांकावरून.

बाई निवृत्त झाल्या. मध्यंतरी ते ड्राफ्ट्समन गावाकडच्या संत्र्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. बाई आता येत नाहीत, असं सांगितल्यावर त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"ठेवा इथे," मी म्हणालो, "मी पोचवतो."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग बाईंच्या घराचा पत्ता तेवढा विचारून घेतला आणि पिशवी छातीशी धरून जिना उतरले.