चिंदरकरांनी निवडलेला हब

चारकोपच्या त्या सोसायटीत कुणाला गिझर घ्यायचा असो की जावयाला घड्याळ, आधी चंद्रप्रकाश चिंदरकरांना विचारायचं, अशी रीतच पडली होती. चिंदरकर औषध कंपनीच्या खरेदी खात्यातून निवृत्त झाले, पण खरेदी खातं काही त्यांच्या अंगातून निवृत्त झालं नाही. तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय या माणसाने घरात कुकरची शिट्टीसुद्धा आणली नाही.

दुसरी खोड बटणं बंद करायची. वडील गिरणीत, लालबागच्या खोलीत दिवा एकच, आणि तो उगाच जळताना दिसला तर पाठीत धपाटा. तेव्हापासून भिंतीजवळून जाताना हात बटणावर गेलाच पाहिजे. त्यांच्या पत्नी मालनताई म्हणायच्या, "देवाच्या समईला बटण नाही म्हणून बरं, नाहीतर देवालाही अंधारात बसवलं असतं यांनी!"

तर झालं असं. सून दर्शना एका विमा कंपनीत कंत्राटावर होती. कायम करण्यासाठीची मुलाखत ऑनलाइन, घरूनच द्यायची होती. ऑफिसने दिलेला लॅपटॉप पापडासारखा चपटा. त्याला टाइप-सीची भोकं दोन, त्यातलं एक ढिलं. मग नेटची वायर, कॅमेरा, मोठा स्क्रीन आणि चार्जर जोडायचा कुठे? "बाबा, एकाच भोकात सगळं जोडता येईल असा एखादा चांगला हब शोधून द्या ना," दर्शना म्हणाली, आणि चिंदरकरांनी चष्मा पुसला.

किती हब पाहिले म्हणता! एकाला सात तोंडं, पण चार्जर लावायला जागा नाही. दुसऱ्याला ती होती, तर नेटची वायर लागत नव्हती. तिसरा दिसायला झकास, पण लोकांनी लिहिलं होतं, तासाभरात तव्यासारखा तापतो. चौथ्याची वायर इतकी आखूड की हब टेबलावर टेकायचाच नाही. शेवटी जो निवडला तो खरंच उत्तम होता. त्या हबला कुणी नावं ठेवू नयेत, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

त्यात एकच गोम होती, आणि तीही चिंदरकरांनी वाचून ठेवली होती. हबला लावलेला चार्जर मध्येच बंद झाला की हब क्षणभर डोळे मिटतो. नेट, कॅमेरा, स्क्रीन, सगळं एकदम तुटतं. आदल्या दिवशी त्यांनी घराला सुनावलं, "मुलाखत चालू असताना चार्जरच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. मालन, तुला खास सांगतोय!"

मालनताई म्हणाल्या, "माका काय करूचा हा तुमच्या बटणाशी?"

मुलाखतीच्या दिवशी दर्शना आतल्या खोलीत दार लावून बसली. खोलीतला प्लग बिघडलेला, म्हणून चार्जरची वायर दाराखालून पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दिव्याच्याच बोर्डाला लावली होती. स्वयंपाकघरात मालनताई मिक्सरवर वाटण काढत होत्या. चिंदरकर बाथरूममधून बाहेर आले, त्यांनी बाथरूमचा दिवा बंद केला आणि त्याच हाताने शेजारचं बटणही बंद केलं. हात गेला तो गेलाच.

आतून दर्शनाचा आवाज आला, "हॅलो? सर, ऐकू येतंय का? हॅलो?"

चिंदरकरांनी झटकन बटण चालू केलं आणि चोरासारखे हॉलमध्ये जाऊन पेपर उघडून बसले.

दर्शना बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले. "ऐन उत्तर देताना सगळं गेलं. परत जोडलं, पण नंतर मला धड बोलताच येईना. वाट लागली सगळी."

तेव्हा खरं सांगायचं होतं. तेवढंच करायचं होतं. पण चिंदरकरांच्या तोंडून निघालं, "मिक्सर चालू होता ना गं तेव्हा?"

मिक्सर लावला की घरातले दिवे मंद व्हायचे, हे मालनताईंना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उतरला. "अगो बाय! माझ्या मिक्सरान पोरीचो घात केल्यान," त्या म्हणाल्या आणि ओट्याला टेकल्या.

मी फक्त विचारलं, आरोप कुठे केला, असं चिंदरकर स्वतःला सांगत राहिले. मनाला काही ते पटलं नाही.

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मालनताईंनी मिक्सर उचलून कपाटात ठेवला आणि माळ्यावरचा खलबत्ता काढला. दर्शनाने समजावलं, "आई, होतं असं कधीकधी. तुम्ही मुद्दाम केलंत का?" पण त्या ऐकेनात. रोज सकाळी ठकठक सुरू व्हायची. दुखऱ्या खांद्याने त्या थांबत, दम खात आणि पुन्हा कुटत. ती ठकठक चिंदरकरांच्या थेट छातीत वाजायची. तरी हा माणूस जेवायला बसला आणि काहीतरी बोलायचं म्हणून काय बोलला? "कुटलेली चटणी चांगलीच लागते हं!" बोलून झाल्यावर त्यांना स्वतःच्या जिभेची किळस आली. आता तरी तोंड उघड, असं मन म्हणत होतं, आणि ते दुसरी भाकरी मागत होते.

त्यातच शेजारचे नाना आले. "चिंदरकर, नातीला हब घ्यायचाय. तुमचा कसा निघाला?"

चिंदरकर तोंड उघडणार तोच मालनताई म्हणाल्या, "हब उत्तम आहे हो, यांनी निवडलेला. मीच मेली वेंधळी." नाना हसले. चिंदरकरांना मान वर करवेना.

पुढे दुसऱ्या एका कंपनीकडून दर्शनाला तशाच घरबसल्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीच्या सकाळी मालनताईंनी चटणी कुटून ठेवली, साडी बदलली, चपला घातल्या आणि हातात पिशवी घेतली.

"कुठे निघालात आई?"

"देवळात बसते. तुझं आटपलं की फोन कर. मी घरात नको. माझ्या हातून पुन्हा काही झालं तर?"

चिंदरकर उठले. "मालन, तू कुठे जाऊ नको. बटण मी बंद केलं होतं. सवयीने हात गेला. मिक्सरचा काही संबंध नव्हता. तेव्हाच कळलं होतं मला, आणि मी गप्प बसलो. लाज वाटली गं."

दर्शना बघतच राहिली. "अहो बाबा, त्याच दिवशी सांगायचं ना! मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

मालनताई नवऱ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मी रोज कुटायचे, ते तुम्हाला ऐकू यायचं?"

"यायचं."

"आणि वर म्हणालात, चटणी चांगली लागते."

मालनताईंनी चपला काढल्या आणि पिशवी त्यांच्या हातात कोंबली. "आता तुम्ही जा देवळात. तिचा फोन येईपर्यंत परत यायचं नाही."

चिंदरकरांनी मुकाट्याने सदरा चढवला. पॅसेजमधून जाताना उजवा हात भिंतीकडे निघालाच होता, तो त्यांनी डाव्या हाताने धरला. मालनताईंनी ते पाहिलं, पण हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून मिक्सर काढून ओट्यावर ठेवला आणि नवऱ्याच्या मागे दार लावून घेतलं.